खाणीचा बार

माझा मामा काय काम करतो, हे मला शाळेत कधी धड सांगता आलं नाही. "जमीन हलते का ते बघतो," असं म्हटलं की मैत्रिणी फिदीफिदी हसायच्या आणि मी चिडून गप्प बसायचे. मामा भूकंप केंद्रात होता. डोंगरात, धरणाजवळ, बंद पडलेल्या बोगद्यात ठिकठिकाणी यंत्रं पुरून ठेवलेली असत. जमीन केसाएवढी हलली तरी त्यांना कळायचं, आणि त्यांनी पाठवलेल्या रेघा मामा दिवसभर पडद्यावर वाचत बसायचा. माझे वडील त्याला 'भूकंप' म्हणत. तो दारात दिसला की विचारायचे, "काय भूकंप, आज कुठं पडझड?" मामा चप्पल काढता काढता सांगायचा, "सगळं शांत आहे, दाजी." त्याला विनोद कळत नसे असं नाही, पण रेघांची थट्टा त्याला खपत नसे.

खरं म्हणजे ते काम भलतंच कंटाळवाणं होतं. मोठा भूकंप वर्षानुवर्षं फिरकत नाही. रोज येतो तो कचरा. मालगाडी गेली, वादळात झाडांनी मुळं हलवली, कुणी जवळच विहीर खणायला घेतली. हा कचरा ओळखून बाजूला काढायचा आणि उरलं तर त्याला भूकंप म्हणायचं. सगळ्यात जास्त कचरा दगडाच्या खाणीचा. तिथे दुपारी बार उडवत, म्हणजे खडकात दारू ठासून सुरुंग लावत.

बार आणि भूकंप वेगळे कसे ओळखायचे, ते मामाने मला पलंगावर शिकवलं होतं. दोन उशा एकमेकींना घासत सरकवल्या आणि म्हणाला, "हा भूकंप. कुठे चादर पुढे ढकलली जाते, कुठे मागे ओढली जाते. म्हणून काही यंत्रांवर पहिली रेघ वर उठते, काहींवर खाली जाते." मग चादरीखालून मूठ मारली. "आणि हा स्फोट. हा सगळ्यांना बाहेरच ढकलतो. कुठलंही यंत्र बघ, पहिली रेघ वरच." आईने येऊन पलंगाची अवस्था पाहिली आणि आम्हा दोघांनाही फैलावर घेतलं.

खाणीचा एक माणूस होता, त्याला केंद्रात सगळे खाणवाला म्हणत. बार उडवण्याआधी त्याने केंद्राला फोन करायचा असा नियम होता. तो हटकून विसरायचा आणि संध्याकाळी आठवलं तर सांगायचा, "साहेब, दुपारचा आमचाच होता बरं का." हळूहळू केंद्राने त्याच्या फोनची वाट बघणंच सोडलं. त्या दिशेने दुपारचा लहानसा बार आला की शेऱ्यात 'खाण' लिहायचं आणि पुढे जायचं. मामाच नव्हे, सगळेच तसं करत. रोज तेच बरोबर निघायचं, मग शंका तरी कशाला येईल?

खाणीच्या अलीकडे, त्याच दिशेला, रसायनांचा कारखाना होता. माझे वडील तिथे कोठारावर पाळीचे मुकादम होते. वडील भित्रे होते. मुलीने असं लिहू नये, पण ते होते आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. फटाक्याने दचकायचे, लिफ्टमध्ये चढायचे नाहीत. एकदा कोठाराजवळ नुसता धूर दिसला म्हणून त्यांनी अख्खी पाळी फाटकाबाहेर काढली. तो धूर निघाला शेजारच्या जळक्या पालापाचोळ्याचा. साहेबाने सगळ्यांसमोर त्यांचा पाणउतारा केला आणि पुढे कित्येक दिवस कारखान्यात त्यांना बघून माणसं खोटं खोटं खोकायची. वडील ते हसण्यावारी न्यायचे. आईला मात्र ते फार लागलं होतं. बाजारात कुणी हसलं तरी आपल्यालाच हसतंय असं तिला वाटायचं.

त्या दुपारी मी घरीच होते. फोन आईने घेतला. वडिलांचा आवाज मोठा, त्यामुळे मला पलीकडचंही थोडं ऐकू येत होतं. मागच्या कोठारात काहीतरी उडालंय, बारीकसंच, पण मला बरं वाटत नाही, साहेब म्हणतात काही नाही, मी माणसांना बाहेर काढू का, असं काहीसं ते म्हणत होते. ते विचारत होते आईला. इतक्या माणसांचा मुकादम आणि परवानगी मागत होता बायकोची. आईने त्यांना झाप झाप झापलं आणि फोन आपटला. मग आम्ही धुणं वाळत घातलं. ते घालून झालं, आई भाजी निवडायला बसली आणि आमच्या खिडक्या घरात आल्या.

आमचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून आम्ही वाचलो. कारखान्याच्या बाजूला धूर उभा होता. आई त्या दिशेने अनवाणी चालत सुटली, मागोमाग मी.

केंद्रात मामाच्या पडद्यावर सगळ्या यंत्रांची पहिली रेघ एकदम वर उठली होती. एवढी दारू कुठलीच खाण वापरत नाही, हे त्याने बघताक्षणी ओळखलं. लांबच्या यंत्रापर्यंत धक्का पोचायला जास्त वेळ लागतो, जवळच्याला कमी. त्या फरकावरून त्याने नकाशावर जागा काढली आणि तिथे कारखाना होता. त्याने आमच्या घरी लावलेला फोन वाजून वाजून बंद झाला. सहकाऱ्यांनी सांगितलं म्हणून मला कळलं, की त्याने पुन्हा जागा काढली आणि पुन्हा काढली, कुठेतरी आपलं चुकलं असेल म्हणून.

वडील तिथेच गेले, त्यांच्या पाळीतल्या सगळ्यांबरोबर. वर्तमानपत्रात आलं की भूकंप केंद्रात 'सौम्य धक्क्याची' नोंद झाली. शेजारीपाजारी मामावर उखडले. अर्धं गाव आडवं झालं आणि हे सौम्य म्हणतात. उघड्यावरच्या स्फोटाचा जोर बहुतेक हवेत जातो, जमिनीला त्यातलं थोडंच मिळतं, हे मामा बिचारा ज्याला त्याला समजावत राहिला. भेटायला आलेल्या माणसांना असलं काही ऐकायचं नसतं, हे त्याच्या डोक्यात कधीच शिरलं नाही.

माणसं निघून गेल्यावर एका संध्याकाळी आईने त्याला विचारलं, "त्याच्या आधी काही झालं होतं का रे? एखादा लहान आवाज?"

"एक होता," मामा म्हणाला. "खाणीचा. रोजचाच."

आईचा जीव भांड्यात पडला. मी समोर बसले होते, मला तिचे खांदे उतरताना दिसले. खाणीचा बार झाला आणि नेहमीप्रमाणे ते घाबरले. म्हणजे आपण झापलं ते काही चुकलं नाही. कारखानाही हेच सांगत होता, की एकच स्फोट झाला, अचानक झाला, कुणाला काही करायला वेळच नव्हता. आई हे वाक्य येईल त्याला ऐकवायची. त्या फोनबद्दल मात्र ती कुणाशी बोलली नाही, मामाशीसुद्धा. मीही मूग गिळून बसले. आई 'खाणीचा' या एका शब्दावर जगत होती. तो तिच्या हातून काढून घेण्याची माझी छाती नव्हती.

चौकशी समिती नेमली गेली आणि समितीने त्या दिवसाच्या सगळ्या रेघा मागवल्या. मामाने पाठवण्याआधी एकेका नोंदीची खातरजमा करून घ्यायला सुरुवात केली, आणि त्यात खाणवाल्याला फोन लावला. खाणवाला म्हणाला, "साहेब, त्या दिवशी कुठला बार? आमचं भोकं पाडायचं यंत्र बिघडलेलं होतं. सगळे घरी होतो."

मामाने ती लहान रेघ काढली आणि मोठ्या स्फोटाच्या रेघेखाली ठेवली. लहान धक्का दोनच यंत्रांवर उमटला होता. पण त्या दोन्ही यंत्रांवर त्याच्या लाटा मोठ्या स्फोटाइतक्याच अंतराने मागेपुढे आल्या होत्या, त्याच वळणाने. खाणीचे जुने बार तसे येत नसत. दोन्ही एकाच जागचे होते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी तो आमच्याकडे आला. मी दार उघडलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून काय ते समजले. "मामा, आज नको," मी म्हटलं. त्याला वाटलं आईला बरं नाही. "दोनच मिनिटं बसतो," म्हणत तो सरळ स्वयंपाकघरात गेला.

"ताई, माझी चूक झाली," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "आधीचा तो खाणीचा नव्हता. कारखान्यातलाच होता. मी न विचारता लिहून टाकलं."

आई भांडी पुसत होती. "मग?"

"मग उद्या ते सांगणार. म्हणजे कारखान्याला वेळ होता. माणसं बाहेर काढता आली असती. दाजींना..." ताई चिडेल, मारेल, रडेल, असं काहीतरी मनात धरून तो आला होता. आपण शिक्षा घ्यायला आलो आहोत असं त्याला वाटत होतं आणि ती तो आईला देत होता. मला त्या भल्या माणसाचा त्या क्षणी इतका राग आला, की त्याला हाताला धरून बाहेर काढावं.

"किती वेळ होता?" आईने विचारलं.

"अर्धा तास तरी."

आईने हातातलं भांडं फडताळात ठेवलं. "जेवून जा," ती म्हणाली. मामा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती तयार होऊन दाराशी बसलेली होती.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. मामाने सगळं सांगितलं आणि मग कारखान्याचा वकील उठला. तो अतिशय सभ्य होता. "'खाण' हा शेरा आपल्याच हातचा ना?" हो. "त्या वेळी आपल्याला शंका आली नव्हती?" नाही. "आणि मृतांमध्ये आपले मेहुणे आहेत." मामाने मान हलवली. वकील खाली बसला. त्याला आणखी काही करायची गरजच नव्हती. दोन यंत्रांवरच्या दोन बारीक रेघा आणि त्या बदलून वाचणारा नातेवाईक. साहेबासकट पाळीतला कुणी उरला नव्हता आणि गावातल्या कुणाला तो लहान आवाज आठवत नव्हता, कारण दुपारच्या धडाक्याकडे गावात कुणी लक्षच देत नसे. समितीच्या अध्यक्षांनी तरीही विचारलं, "हा पहिला स्फोट झाल्याचं आणखी कुणाला माहीत आहे?"

मामा टेबलाकडे बघत होता. आई उठली. मी तिचा पदर धरला, तो तिने हळूच सोडवून घेतला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनी मला फोन केला होता."

मामाने वळून तिच्याकडे पाहिलं. त्याला तेव्हा कळलं, आदल्या दिवशी त्याने स्वयंपाकघरात काय केलं होतं ते. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच परत बसला.

आईने फोनवरचं सगळं सांगितलं. काय उडालं, कुठे उडालं, साहेब काय म्हणाले, वडिलांनी काय विचारलं. सभागृहात मागच्या बाजूला त्याच पाळीतल्या माणसांच्या बायका बसल्या होत्या, त्यातली एक आमच्याच गल्लीतली. लिहून घेणारा कारकून तरुण होता, हळव्या मनाचा असावा. त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य होतं, पत्नीने त्यांना पाळी पूर्ण करण्याचा सल्ला दिला.

"सल्ला नाही दिला," आई म्हणाली.

कारकुनाने वर पाहिलं.

"पळपुटे म्हटलं मी त्यांना. आता पळून आलात तर घरात घेणार नाही, असं म्हटलं. तसंच लिहा."

कारकुनाने अध्यक्षांकडे पाहिलं. मग त्याने ती ओळ खोडली आणि आई उभीच राहिली, त्याचं लिहून होईपर्यंत.