टिकाऊपणाची सही

चहा पार गार झाल्यावरच प्यायची. भर उन्हात सावली टाळून चालायची. दुकानदाराने कशालाही मजबूत म्हटलं, की "किती दिवस?" विचारायची. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडायची, म्हणून प्रयोगशाळेत तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावरसुद्धा.

कात्री पॉलिमरचे सौरघट बनवायची. दोन रसायनांची शाई पातळ प्लॅस्टिकवर पसरायची, वर धातूचा थर द्यायचा, की झाली वीज देणारी पट्टी. तिथली रीत अशी, की पट्टी ताजी असताना मोजायची, आकडा मिरवायचा आणि पट्टी कपाटात टाकायची. कात्री तीच पट्टी गच्चीवर उन्हात नेऊन ठेवायची. पार मरेपर्यंत मोजत राहायची.

आता या पट्ट्या एका आरोग्यकेंद्राच्या छपरावर लागणार होत्या. लशींचा फ्रीज त्यांच्यावर चालायचा होता. पट्ट्या पाच वर्षं टिकतील, या कागदावर तिची सही हवी होती.

"हवा आणि ओल आत शिरते, म्हणून बिघडतात," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "कडा नीट चिकटव, विषय संपला."

"हवा नव्हतीच, साहेब. एक पट्टी नायट्रोजनच्या बंद पेटीत ठेवली होती. नुसत्या उजेडाने आणि उष्णतेने वीज घटली."

"अगं, पण का?"

"दोन्ही रसायनं बारीक मिसळलेली असतात, तोवर वीज वाट काढते. तापली की ती वेगळी होतात, गोळे धरतात. वीज आतच हरवते. भांडण घरातलं आहे. दाराला कडी लावून काय उपयोग?"

साहेब हसले. मग हसू आवरलं. "उद्या हा कागद बघायला पाहुणे येतायत. सही कर आणि मोकळी हो."

"त्या केंद्रात माझी थोरली बहीण नर्स आहे. खराब लस पोरांना तिच्या हातून टोचली जाईल. नाही करणार."

"मग हे टेबल दुसऱ्याला जाईल."

"खुशाल जाऊ दे. सही मिळणार नाही."

साहेब तणतणत गेले. तिने पुन्हा हातमोजे चढवले. दोन्ही रसायनांना धरून ठेवील असं तिसरं काहीतरी तिने नव्या शाईत मिसळलं होतं. त्या पट्टीच्या तीन कडा चिकटवून झाल्या. चौथीला हात घातला, तोच शिपाई दारात उभा राहिला.

"ताई, साहेबांनी प्रयोगशाळेची किल्ली मागितलीय. आत्ताच."

तिने हातमोजे काढले, किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि ताठ मानेने बाहेर पडली. चौथी कडा उघडीच राहिली.