पाच तारे दिलेला राजपुत्र आणि आजचा बसस्टॉप

मंडळी, घरी पोचल्या पोचल्या लिहितेय.

गेल्या आठवड्यात मी आपल्या या कोलकात्यातल्या वाचक-ग्रुपवर एका रोमँटिक फॅन्टसीला पाच तारे दिले होते. त्यातला राजपुत्र अदृश्य होऊन रोज नायिकेच्या मागे घरापर्यंत जातो, तिला पत्ताही नसतो. "असा कोणीतरी हवा!" असं मीच लिहिलं होतं.

आज ऑफिस सुटल्यावर एस्प्लनेडच्या स्टॉपवर घरी जायला बेहालाच्या बससाठी उभी होते. आपल्याच ग्रुपमधले एक गृहस्थ हसत पुढे आले. "आठवडाभर रोज तुमच्या दारापर्यंत येतोय मी. कळलं का तुम्हाला?"

मी दोन पावलं मागे सरले. "हे मला अजिबात नकोय," मी म्हणाले.

"पुस्तकात कळल्यावर तीही आधी नाहीच म्हणते की!"

बस आली, पण मी चढले नाही. ते जाईपर्यंत तिथल्या महिला पोलिसाशेजारी उभी राहिले, मग नवऱ्याला बोलावून घेतलं.

राजपुत्राच्या मनातलं आपल्याला पानोपानी वाचायला मिळतं, म्हणून तो गोड वाटतो. बसस्टॉपवरच्या माणसाचं मन कुठे वाचायचं, सांगा ना?

आणि साहेब, तुम्हीही हे वाचताय. तुमचं नाव मी अजून लिहिलेलं नाही.