न्हाणीच्या पाण्यावरचा पालक

पालक मला आवडत नाही. कुणाकडे जेवायला गेले तर हे मी पाटावर बसायच्या आधीच सांगून टाकते. तरी प्रत्येक घरात एक बाई निघतेच, "अहो, एकदा आमच्या हातचा खाऊन तर बघा" म्हणणारी. तुमच्या हाताला काय सोनं लागलंय का? पालक तो पालकच. शिजला की त्याचा चिखल होतो, दातांवर खरखरीत लेप बसतो आणि दिवसभर जीभ फिरवत बसावं लागतं. आता तर त्याला लईच भाव आलाय. हॉटेलात त्या चिखलात पनीर बुडवून देतात. लग्नात हिरव्या पुऱ्या तळतात. पुरीनं हिरवं कशाला व्हायचं? माझी सून सकाळी मिक्सरमध्ये पालक फिरवून हिरवंगार पाणी करते आणि पेला माझ्यापुढे धरते. "आई, घ्या, रक्त वाढतं."

अगं बाई, पालकानं रक्त वाढतं हे तू मला सांगतेस!

माझं पालेभाजीशी वाकडं नाही. अंबाडी घाला, कण्या घालून, वरून लसणाची फोडणी, मी दोन भाकरी जास्त खाते. मेथी, चुका, करडईची कवळी भाजी, सगळं चालतं. नांदेडच्या बाजारात भाजीवाल्या मला ओळखतात, पालकाची जुडी पुढे करत नाहीत. वैर आहे ते एकट्या पालकाशी आणि ते बहात्तरच्या दुष्काळापासूनचं आहे.

आमचं गाव मुखेडच्या बाजूला. घरात माणसं पाच. अण्णा म्हणजे माझे वडील, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे काका, दादा, मी आणि माय. पाऊस दुसऱ्या वर्षीही आला नाही, विहिरीत चिखल राहिला आणि शेतं बोडकी पडली. खायला रेशनची लाल जवारी. त्या भाकरीला ना चव ना वास, आणि सोबत चटणी. माणसं खडी फोडायला जायची आणि संध्याकाळी धुळीनं पांढरी होऊन यायची.

त्यात मायला दिवस गेले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. त्याच उन्हाळ्यात आमच्या शेजारची बाळंतपणात गेली होती. तिला न्हाऊ घालताना मी दारातून पाहिलं होतं. तिची नखं चुन्यासारखी पांढरी होती. बायका आपसात बोलत होत्या, "अंगात रक्तच न्हवतं बिचारीच्या." तेव्हापासून मला एक खोडच लागली. माय भाकरी थापायला बसली की मी तिच्या हातांकडे बघत बसायचे. तिची नखं पण पांढरी होत चालली होती.

मुखेडच्या दवाखान्यात तिला नेलं तेव्हा मी सोबत होते. नर्सबाईंनी मायच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि अण्णांवर वसकन ओरडल्या, "बाई जगवायची हाय का न्हाई? अंगात रक्त न्हाई हिच्या. हिरवी पालेभाजी खाऊ घाला रोज." अण्णा मान खाली घालून म्हणाले, "हाव बाई." हिरवं आणायचं कुठून, हे त्यांनी विचारलं नाही. रानात बाभळीचा पाला सोडला तर हिरवं काही उरलं नव्हतं.

येताना अण्णांनी बाजारातून पालकाचं बी घेतलं. आमच्या न्हाणीचं पाणी भिंतीच्या भोकातून परसात जायचं. तिथं त्यांनी बाजेएवढा वाफा केला आणि घरात फर्मान काढलं. साबण बंद, साबणानं भाजी जळते. सगळ्यांनी एका दिवशी आंघोळ करायची नाही, रोज एकानंच करायची, म्हणजे वाफ्याला रोज पाणी मिळेल. अंगाला पाणी लागतं म्हणून आंघोळ करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. आम्ही पालकाला पाणी लागतं म्हणून आंघोळ करत होतो. ज्याची पाळी असेल त्याला अण्णा बाहेरून ओरडायचे, "सगळं पाणी एकदम वतू नको, वाफा फुटंल!"

पालक उगवला. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला तो सुंदर दिसला होता. सगळ्या गावात तेवढाच हिरवा तुकडा. पहिल्यांदा मायनं त्याचं गरगट केलं, घोटून, वर मिरची-लसूण, तेव्हा मी बोटं चाटून खाल्लं. मला ते आवडलं होतं. आता हे कुणाला पटायचं नाही.

पण आमच्याकडची रीत ठरलेली. आधी पुरुषांची पंगत, मग पोरं, आणि सगळ्यांचं झालं की चुलीपाशी बाई. काका पहिल्याच घासाला म्हणाले, "वैनी, झकास झालीया, वाढा अजून." मायनं वाढली. दादानं मागितली, त्याला वाढली. अण्णा माझे काही वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, सरळ भांडता आलं असतं. ते जेवताना विचारायचे, "तुला ठिवलीस ना गं?" आणि माय आतून म्हणायची, "हाय की. जेवा तुमी." सगळ्यांचं झाल्यावर मी चुलीपाशी जाऊन पाहिलं. कढई रिकामी. माय भाकरीचा तुकडा कढईला फिरवत होती, पुसून घेत होती.

मला इतका संताप आला की काय सांगू. ज्या बाईसाठी वाफा केला, तिच्या तोंडात फक्त कढईचं पुसणं, आणि काकांच्या गालावर लाली! मी मायला म्हणाले, "तू खोटं का बोललीस?" तर ती मलाच, "गप बस. मोठ्यांच्या जेवणात तोंड घालू नको." म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

दुसऱ्या वेळी मी युक्ती केली. ताटात पालक आला तसं म्हणाले, "मला न्हाई आवडत." वाटलं, माझा वाटा मायला जाईल. कसलं काय! दादानं हात लांब करून माझी भाजी आपल्या ताटात ओढली. वरून अण्णांनी माझ्या टाळक्यात एक ठेवून दिली. "माजलीस का? दुष्काळात नखरे सुचून राहिलेत हिला." म्हणजे मार माझ्या वाट्याला आणि भाजी दादाच्या.

माय मात्र तशीच. नखं तशीच. खडीवर जाऊन आली की भिंतीला टेकून डोळे मिटून बसायची आणि मी हाक मारली की उशिरा ओ द्यायची. ती उशिरा ओ द्यायची तेवढ्यात माझा जीव जायचा.

मग एक दिवस मी तोंड उघडलं. काका पान खाणारे, पण स्वच्छतेचा भारी तोरा. पाण्याच्या लोट्याला दुसऱ्याचं बोट लागलं तरी विसळून घेणार. त्यांनी दुसऱ्यांदा भाजी मागितली तशी मी विचारलं, "काका, तुमी न्हाणीत पान थुंकता ना? भोकापाशी पानांवर लाल लाल ठिपके पडलेत. मायनं तीच खुडली आज."

काकांचा घास हातातच राहिला. दादा खिदळला, म्हणून मी त्याच्याकडे वळले. "दादा तर न्हाणीत मुततो. रोज. मी आवाज ऐकते." दादा लाल झाला, पण नाही म्हणेना, कारण ते खरं होतं. अण्णा ओरडले, "काय बोलून राहिलीस जेवताना!" तोवर मला थांबवणं कठीण होतं. अण्णांच्या पायाला खरूज झाली होती, न्हाणीत बसून ते ती दगडानं घासायचे. मी म्हणाले, "आन् तुमच्या खरजेचं पाणी कुठं जातं?"

भाजी न्हाणीच्या पाण्यावर वाढते हे घरात कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि घास तोंडात असताना ऐकणं वेगळं. काका उठून परसात गेले आणि ओकाऱ्या काढू लागले. अण्णांनी मला धरून धरून मारलं. पाठ आठवडाभर दुखत होती, पण कढईत भाजी शिल्लक होती.

पुढच्या वेळी पालक शिजला तर एकानंही हात लावला नाही. सगळे चटणीशी जेवले. मी पुन्हा पुन्हा आठवण करून देत होतेच, कुणी विसरायला नको. आणि दुष्काळात अन्न टाकायचं म्हणजे पाप. वाया घालवायची नाही म्हणून ती सगळी कढई मायनं आपल्यापुढे ओढली. मला हेच पाहिजे होतं. मी उंबऱ्यात बसून राहायचे, ती खाते की नाही बघत. ती प्रत्येक घासाला डोळे मिटायची आणि वरून पाणी प्यायची. पाणीसुद्धा मोजून मिळायचं तेव्हा. मी हलायचे नाही. शेवटचा घास गेला की मग उठायचे.

माय वाचली. बहीण झाली, बारीक पण रडणारी. नर्सबाई म्हणाल्या, बाई नशिबाची. पालकानं झालं का नशिबानं, मला ठाऊक नाही, आणि पालकाला श्रेय द्यायची माझी इच्छा पण नाही. घरात मात्र माझं नाव झालं ते कायमचं. "आमची ही पोरगी, बाबो! दुष्काळात सगळ्यांचं जेवण नासवलं हिनं." काका ही गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत सांगायचे आणि सगळे हसायचे. मी कधी खुलासा केला नाही. कुणाला करायचा आणि कशाला?

मग काही वर्षांनी लातूर जिल्हा झाला. दादा तोवर कारकून झाला होता, त्याची बदली नव्या कचेरीत झाली. काय ती ऐट! जिल्हा जणू ह्यानंच घरून आणून दिला होता. जिल्हा आला, पण नळाला पाणी यायचं नाव नाही. आलं तर चार-चार दिवसांनी. म्हणून माझ्या भावजयीनं खोलीमागे, न्हाणीच्या पाण्यावर, काय लावावं? पालक. तिला दिवस होते. माय तिच्या बाळंतपणासाठी येऊन राहिली होती आणि मी नांदेडहून चार दिवसांसाठी गेले होते.

दादानं कचेरीतले दोन सोबती जेवायला बोलावले. नव्या जिल्ह्याचे नवे मानकरी! पाटावर बसून कोणता तालुका कुणाकडे जाणार याच्या गप्पा. भावजय वाढत होती. बिचारी उभ्याउभ्या भिंतीला टेकत होती. तिनं भाकरी वाढायला हात पुढे केला आणि मला तिची नखं दिसली.

तेवढ्यात एक सोबती म्हणाला, "वहिनी, पालक फक्कड हं. येऊ द्या अजून." दादा म्हणाला, "वाढ, वाढ, घरचाच हाय." मी कढईत पाहिलं. तळाला थोडीच उरली होती.

माझ्या अंगात दहा वर्षांपूर्वीची सणक आली. मी भावजयीच्या हातातली पळी घेतली आणि गोड आवाजात म्हणाले, "घ्या की, भावजी. न्हाणीच्या पाण्यावरची हाय, एकदम ताजी. दादाची न्हाणीतली लहानपणची सवय अजून गेलेली न्हाई, पण पालकाला ते मानवतं."

दोघांचे हात थांबले. एकानं भाजी ताटाच्या कडेला सारली, दुसऱ्यानं वरण मागितलं. दादा माझ्याकडे असा बघत होता की पाहुणे नसते तर त्यानं ताट भिरकावलं असतं. त्याला काहीच कळलं नव्हतं. आजही कळलेलं नाही. त्यानंतर वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही, आणि मलाही काही अडलं नाही.

पुरुष हात धुऊन बाहेर गेले. मला वाटलं, आता माय मला फाडून खाणार. तिनं कढई ओढली, भावजयीला खाली बसवलं आणि तिच्या ताटात निम्म्याहून जास्त वाढली. भावजय बिनधास्त खाऊ लागली. तिला न्हाणीचं काहीच वाटलं नाही, उलट लसूण कमी झाला म्हणाली. बरं वाटलं मला.

मग मायनं उरलेली भाजी एका ताटात काढली आणि माझ्यापुढे सरकवली.

"मला न्हाई आवडत," मी म्हणाले.

"ठाऊक हाय मला, किती आवडत न्हाई ते," माय म्हणाली. "त्या येळला बी ठाऊक हुतं. तुझं बोलणं ऐकून मला बी मळमळायचं, घास वर यायचा. पर तू उंबऱ्यात बसून ऱ्हायचीस. तुझ्यादेखत कसं टाकणार? गिळलं." तिनं ताट अजून जवळ ढकललं. "तुझा वाटा ऱ्हायलाय तवाचा. खा."

मी घास घेतला. मला वाटलं होतं, ती पहिली चव येईल, बोटं चाटायला लावणारी. कसली चव! जिभेला लागताक्षणी काकांचं पान, दादाचं मूत, अण्णांची खरूज, सगळं एकदम तोंडात आलं. इतकी वर्षं पालक आवडत नाही असं मी खोटंच सांगत होते, आणि बघा, ते खरं होऊन बसलं होतं. मी घास तोंडातच धरून मायकडे पाहिलं.

ती उंबऱ्यात जाऊन बसली होती, माझ्याकडे तोंड करून. "सगळी संपव," म्हणाली.

मी डोळे मिटले, वरून पाणी प्यायले आणि संपवली.