आमच्या घरी कोणी आलं नाही

मी जात्याच संशयी. चिंचोक्यांच्या खेळात कुणी जिंकलं की मी आधी त्याची मूठ तपासायची. माय म्हणायची, हिला उद्या देव भेटला तरी ही त्याला गाव विचारील. त्यामुळे शाळेत नवे गुरुजी आले, तेव्हा मी पहिल्याच दिवशी त्यांच्यावर डोळा ठेवला. ते स्वतःला झरीचे म्हणवायचे, पण झरीत दिलेल्या आमच्या आत्याचं घर त्यांना माहीत नव्हतं. एवढं मला पुरलं.

निजामाचं राज्य, त्यामुळे शाळेला सुट्टी शुक्रवारची, जुम्म्याची. आमचा आठवडा गुरुवारी दुपारी संपायचा. पोरं शेणपाणी आणायची, आम्ही तिघी-चौघी मुली वर्ग सारवायचो आणि जमीन वाळेपर्यंत सगळ्यांना चिंचेखाली खेळायची मोकळीक. गुरुजी शाळेलगतच्या खोलीत एकटेच राहायचे, म्हणून गुरुवारी घरोघरचा शिधा पोरांच्या हाती यायचा. जवारीचं पीठ, डाळ, मिरच्या. आधीच्या गुरुजींपासूनची ती रीत. नवे गुरुजी शिधा खोलीत ठेवून आमच्यात लगोरी खेळायला यायचे. एवढा थोराड माणूस धोतर खोचून लगोरी का खेळतो, हे काही मला सरळ वाटेना.

त्यांचा गृहपाठही जगावेगळा. आधीचे गुरुजी पाढे द्यायचे. हे म्हणाले, शुक्रवारी घरी कोण आलं, काय झालं, ते पाटीवर लिहून आणा. शनिवारी अक्षरं पुसू नयेत म्हणून पाट्या अंगापासून लांब धरून आम्ही शाळेची वाट चालायचो.

नेमका तेव्हाच आमच्या घरी, सरकीच्या खोलीत, मामा लपलेला होता. तो सरकारविरुद्धची पत्रकं गावोगाव वाटायचा आणि ठाण्याचा अमीन त्याला हुडकत होता. सापडला असता तर त्याच्याबरोबर आप्पांनाही, म्हणजे माझ्या वडलांना, बांधून नेलं असतं. मला तंबी होती. मी लिहिलं, ‘आमच्या घरी कोणी आलं नाही.’ गुरुजींनी ती ओळ दोनदा वाचली. मग हसून विचारलं, दुकानदाराच्या घरी दिवसभर कोणीच कसं आलं नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा शिवपूजेला बसले होते. पूजा होईपर्यंत ते कुणाशी बोलत नसत आणि त्यांच्याशीही कुणी बोलत नसे. मी बोलले.

“आप्पा, गुरुजी अमीनाचा माणूस हाय. घरी कोण आलतं ते इचारायलाय.”

तळहातावरचं लिंग तसंच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पुढचे चार दिवस मिठाच्या नि गुळाच्या पुड्यांबरोबर ही बातमी आमच्या दुकानातून घरोघर गेली. गुरुवारी कोणीच शिधा आणला नाही. गुरुजी चिंचेखाली येऊन उभे राहिले, त्यांना खेळायला कोणी बोलावलं नाही. खरं सांगते, मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

शनिवारी गुरुजींनी पाट्या गोळा केल्या. पहिल्या पाटीवर, ‘आमच्या घरी कोणी आलं नाही.’ दुसरीवर तेच, तिसरीवर तेच. घरोघर पोरांना एकच वाक्य पढवलेलं. ज्याच्या बहिणीचं बारसं शुक्रवारी झालं आणि ज्याच्याकडे जाऊन अर्ध्या वर्गानं घुगऱ्या खाल्ल्या, त्याच्याही पाटीवर तेच. अख्ख्या गावात कोणी आलं नाही म्हटल्यावर कोणीतरी आलंय हे आंधळ्यालाही कळलं असतं. आम्ही मात्र शहाण्यासारखे मांडी घालून बसलो होतो.

गुरुजींचा चेहरा उतरला. अमीनाचा घोडा चावडीपुढे बांधलेला होता आणि अमीन शाळा बघायला निघाला होता. त्यांनी कोपऱ्यातली पाण्याची बादली ओढली, फडकं भिजवलं आणि सगळ्या पाट्या भराभर पुसून काढल्या.

“लेकरांनो, असं लिहीत नसतात,” ते हळूच म्हणाले. “मावशी आली असंल तर मावशी लिहा. न्हाई तर मांजर लिहा. पण घरी कुणीतरी येऊ द्या.”

आम्ही घाईघाईनं नवं लिहिलं, तोवर अमीन आला. त्याच्या कारकुनानं माझी पाटी उचलून वाचली, ‘आत्या आली. शेंगा आणल्या. मांजर व्यालं.’ अमीन हसला, दोघा-तिघांना पाढे विचारून निघून गेला. सोमवारी सकाळी मामा सरकीच्या गाडीत बसून पालमच्या वाटेनं सुखरूप गेला.

आता तरी मला समजायला हवं होतं. पण कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. मी घरी सांगितलं, गुरुजींनी पाट्या पुसल्या त्या स्वतःची चोरी झाकायला. आप्पा म्हणाले, असंल बी, नसंल बी, जपून राहिलेलं बरं. शिधा बंद तो बंदच राहिला. गुरुजींचे गाल बसले. त्यांना हिवताप जडला तरी ते भिंतीला टेकून शिकवायचे.

एका शनिवारी आम्ही गेलो तर फळ्यावर त्यांचा स्वतःचा गृहपाठ लिहिलेला होता. ‘शुक्रवारी ताप होता. पाणी मीच आणलं. चूल पेटवली नाही. माझ्या घरी कोणी आलं नाही.’ खाली बसून त्यांनी आम्हाला ते उतरवून घ्यायला सांगितलं. मी उतरवलं आणि उतरवतानाही यात काय डाव असेल, हाच विचार केला.

बुधवारी ते गाव सोडून गेले. कुठे गेले, कुणी विचारलं नाही. गुरुवारी वर्ग सारवताना फळा पुसायची पाळी माझी होती. त्यावर त्यांचा गृहपाठ अजून तसाच होता. फडकं बादलीत बुडवलं आणि मला त्या दिवशीचे त्यांचे घाईचे हात आठवले. सगळ्या वर्गात ते वाक्य खरं लिहिणारा तो एकटा माणूस होता आणि ते खरं मी केलं होतं. माझ्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. बाहेर चिंचेखाली लगोरी फुटल्याचा आवाज आला, कुणीतरी मला हाक मारली, आणि मी फळा पुसला.