नानांची इटालियन

मित्रांनो, आज असोद्याला नानांकडे गेलो होतो. त्यांची सून इटलीची, त्यांच्या मुलासोबत तिकडेच राहते. परवा तिची आई वारली. सांत्वनाला दारावर जाणं शक्य नाही, म्हणून नाना वहीत इटालियन वाक्यं गिरवत बसले होते.

"'आहे'चं 'होती' जमलं, पण ती अव्ययं नि आर्टिकलं डोक्यात बसत नाहीत."

"मग मुलालाच सांगू द्या ना, नाना."

"तिची माय गेली, आन् मी निरोप धाडू का रे?"

व्हिडिओ कॉलवर नाना अडखळत इटालियनमध्ये म्हणाले, "तुझी आई चांगली होती. हे घरही तुझं आहे." सून रडत काही बोलली. मुलानं सांगितलं, "ती म्हणते, पुन्हा एकदा म्हणा."

सुनेनं आपली भाषा शिकावी, हे आपण गृहीत धरतो. तिची भाषा आपल्यापैकी किती जण शिकले?