दालचिनीचे पेढे

नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला आमच्या शेजारी एक सत्तरीची डच बाई राहायची. तिनंच मला सायकल शिकवली. मी पडले की उचलायच्या आधी पोटभर हसून घ्यायची. चांगली बातमी आली की शेजारी पेढे द्यायचे, हे तिला आमच्यामुळे कळलं. लेक पास झाली, पेढे. नवऱ्याचं इथं राहायचं परमिट वाढलं, पेढे. "तुमच्याकडे बातम्या फार असतात बाई," म्हणायची आणि दोन उचलायची.

दर गुरुवारी ती बसस्टॉपवर पाटी घेऊन उभी राहायची. इथून एका मित्रदेशाला लढाऊ विमानांचे सुटे भाग जातात, आणि तीच विमानं तिकडे वस्त्यांवर बॉम्ब टाकतात. संसदेनं कायदा करून या विक्रीला आळा घालावा, एवढंच तिचं मागणं. थंडीत मी तिला थर्मासमधून चहा नेऊन द्यायची. आणि माझा नवरा? बाडहूव्हडॉर्पच्या एका कंपनीत त्याच सुट्या भागांच्या पाठवणीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. आमचा इथला मुक्काम त्या नोकरीवर टांगलेला. तिला आम्ही सांगितलं होतं, "कॉम्प्युटरचं काम." खोटं नव्हतं, पण खरं तरी कुठे होतं!

कायदा पास झाला त्या दिवशी नवरा लवकर घरी आला. त्याचा विभागच बंद होणार होता. दुसरी नोकरी लागली नाही तर काही महिन्यांत गाशा गुंडाळायचा. लेक हळूच म्हणाली, "बट बाबा, दे आर राइट." "माहितीये गं मला," तो म्हणाला. तेवढ्यात बेल वाजली.

दारात शेजारीण, हातात डबा. बाईनं चक्क स्वतः पेढे केले होते. वेलदोड्याऐवजी दालचिनी घातलेली, पण प्रत्येक पेढ्यावर अंगठा दाबलेला, अगदी माझ्यासारखा. "चांगली बातमी!" म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मला असा संताप आला की वाटलं, डबा भिरकावून द्यावा. कोणावर चिडले होते, देव जाणे. नवऱ्यानं एक पेढा खाल्ला आणि तिचा हात हातात घेऊन तिचं अभिनंदन केलं. मीही खाल्ला.

पुढे त्याला आर्नहेमला नोकरी मिळाली. सामान बांधून झाल्यावर मी पेढे घेऊन तिच्याकडे गेले आणि तेव्हा कुठे सगळं सांगितलं. तिनं उचललेला पेढा परत डब्यात ठेवला. मला वाटलं, आता ती "वाईट वाटलं" म्हणेल, मग मी म्हणेन, "जाऊ दे गं."

"पाटी घेऊन मी तरीही उभी राहिले असते," ती म्हणाली. "पेढे मात्र आणले नसते. एवढं तरी मला करू द्यायचं होतंस."