ओलं सोडण

बाईंवर अन्याय झाला तो गेल्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराला, दिवेआगरजवळच्या आमच्या गावात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. वेळेसकट सांगते, कारण कार्यालयात त्याला ‘तांत्रिक कारण’ म्हणतात.

तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यांना बघितलंय. नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, उचलायच्या, गालाला लावायच्या, डोळे मिटायच्या. “गार आहे. उन्हात घाल.” हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई नवरा मुलगासुद्धा गालाला लावूनच पसंत करतील, असं गावात म्हणत.

वादळात नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा आपण पडलेल्या झावळ्या आणि सोडणं बांधावर जाळत बसलो होतो. बाई दारोदार सांगत फिरल्या, हा जाळ फुकट घालवू नका. मग विभागीय ऊर्जा केंद्राच्या इतक्या मागे लागल्या की शेवटी चाचणीसाठी यंत्र आलं. सोडणं कोंडून जाळायची, त्यांचा गॅस करायचा, त्यावर सुपारी वाळवायची. पाऊस रेंगाळला की पहिली सुपारी बुरसते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या वर्षी आमची बुरसली नाही.

यंत्र कायमचं द्यायचं का, ते ठरवायला केंद्राचे साहेब त्या सोमवारी आले. बाई त्यांना आणायला नाक्यावर गेलेल्या. पाहुणे येणार म्हणून बचत गटातल्या बायकांनी अंगणात सडा घातला, तोही वाडीचा पाइप लावून. अंगणातच सोडणं वाळत होती. साहेब पोचेपर्यंत उन्हाने वरची सुकली, आतली ओलीच राहिली.

यंत्राने नुसता धूर ओकला. साहेब रुमाल नाकाला लावून बाहेर पळाले. “बाई, पावन्यांसाठी केला ओ,” एवढंच एक जण रडवेली होऊन म्हणाली. बाईंनी तिला मागे सारलं आणि साहेबांना सांगितलं, “इंधन बघायचं काम माझं. मी बघितलं नाही.”

त्याच आठवड्यात यंत्र उचललं. एका सकाळच्या ओलीवरून!

मी संतापून पत्रक लिहिलं. त्यात सड्याचा उल्लेख होता. बाईंनी लाल पेनाने तेवढी ओळ खोडली. “पाहुण्यांचा मान ठेवला त्यांनी. भांडायचं तर पुन्हा चाचणी घ्या म्हणून भांड.”

यंत्राचा ओटा राहिला, त्यातून वर आलेले चार बोल्ट राहिले. यंत्र परत येईल तेव्हा गंजलेले नकोत, म्हणून बाई त्यांना खोबरेल लावायच्या. या श्रावणात बाई गेल्या. आता तेल बचत गटातल्या त्या बायका लावतात, कुणी न सांगता.

येत्या दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी आम्ही केंद्राच्या दारात बसणार आहोत. दुसरी चाचणी मिळेपर्यंत उठणार नाही. तुम्ही या. वाडीतलं एक सोडण घेऊन या. निघण्याआधी गालाला लावून बघा.